"ती लहान होती, तिला काही आठवत नाही"

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. दीड पान लेकीच्या मार्कांचं आहे. दहावीला ९३ टक्के, बारावीला ८१, नीटला पहिल्या वेळी ३८८, मग रिपीटसाठी लातूरला हॉस्टेलवर ठेवली तर दोन महिन्यांत परत आली, घरी पेपर सोडवला की ५२० च्या पुढं जाते आणि क्लासच्या हॉलमधे तोच पॅटर्न असताना साडेतीनशेवर अडकते. मिस्टर म्हणतात नाटकं करते, दोन लाख फी पाण्यात गेली. तुम्ही विचारलंय की अजून एक रिपीट द्यावा, की बीएएमएसचं बघावं, की एकाग्रतेसाठी काही औषध असतं का.

आणि मग सगळ्यात शेवटी, सही करून झाल्यावर खाली बारीक अक्षरात दोन ओळी. की ती पाच वर्षांची होईपर्यंत मिस्टर खूप प्यायचे, तुमच्यावर हात उचलायचे, आता तेरा वर्षं झाली सुटलंय, फक्त स्वभाव तापट आहे. "ती लहान होती, तिला काही आठवत नाही, आम्ही कधी विषयपण काढला नाही."

मला त्या दोन ओळींबद्दलच बोलायचंय. आधी एक, त्या पाच वर्षांत तुम्ही काय काय सोसलं असेल ते तुम्ही एका वाक्यात उरकलंत, ते मला फार लागलं.

आता हा "लहान होती, आठवत नाही" गैरसमज. आपल्याकडं जवळजवळ प्रत्येक घरात हे म्हणतात. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना गोष्टीसारखं सांगता येत नाही हे खरंय, पण आठवण ठेवायची ती एकच जागा नसते ना. जिनिव्हाला क्लापारेद नावाचे एक डॉक्टर होते, त्यांच्याकडं एक बाई होत्या, त्यांना नवीन काहीच लक्षात राहायचं नाही, रोज डॉक्टरांची नव्यानं ओळख. एक दिवस डॉक्टरांनी हातात टाचणी लपवून त्यांच्याशी हात मिळवला आणि टोचली. नंतर परत हात पुढं केला तर बाईंनी आपला हात मागं घेतला, का घेतला ते मात्र त्यांना सांगता येईना, टाचणीची काहीच आठवण नाही. १९११ साली हे लिहून ठेवलंय. लहान मुलाचं तसंच असतं, काय घडलं ते पुसलं जातं पण कशाला घाबरायचं ते अंगात राहतं. आणि तुमची लेक तर पाच वर्षांची होती ताई, पाचव्या वर्षाचं बऱ्याच जणांना चांगलं आठवतं. तिला कुणी विचारलंय का कधी? या घरात तो विषय काढायचा नसतो एवढं ती शिकली, ते तुम्ही आठवत नाही असं धरलंत.

तुमच्याच पत्रात बघा काय लिहिलंय. गेटची कडी जोरात वाजली की अजून दचकते. हॉस्टेलला रेक्टरबाई रात्री दारं ठोकत यायच्या म्हणून झोपच लागायची नाही. पेपरच्या वेळी सुपरवायझर मागं येऊन उभे राहिले की हात गार पडतात आणि वाचलेली ओळ परत परत वाचते पण कळत नाही. हे आळशी पोरीचं वर्णन आहे का? धोका वाटला की शरीर आधी जीव वाचवायचं बघतं, त्या क्षणी बायोलॉजीचं उत्तर डोक्यात असूनसुद्धा बाहेर येत नाही. पत्रावरून मी निदान करणार नाही, ते माझं काम नाही, पण हे तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढचा एकही रुपया क्लासला भरू नका असं स्पष्ट सांगते.

कुणीतरी तुम्हाला मोबाईलवर बालपणीच्या आघातांचा स्कोअर काढायची चाचणी पाठवली आणि तिचा स्कोअर बघून तुम्ही रात्रभर रडलात, असंही लिहिलंय. ती प्रश्नावली अमेरिकेत सॅन डिएगोला झालेल्या अभ्यासातून आली, १९९८ साली त्याचा पहिला निष्कर्ष छापला, आईला मारहाण होताना बघणं हा त्यात एक प्रश्नच होता. असं जास्त सोसलेल्या लोकांत पुढं आजार, व्यसनं, नैराश्य जास्त दिसलं, ते खरं. पण ते हजारो लोकांच्या गटाबद्दल आहे, एका मुलीचं भविष्य त्यातून निघत नाही, आणि हे तो अभ्यास करणाऱ्या डॉ. अँडा यांनीच २०२० मधे बजावून सांगितलंय. रोमानियात बुखारेस्टला अनाथालयातली १३६ बाळं घेऊन २००० पासून अभ्यास चाललाय, त्यातली निम्मी चांगल्या कुटुंबांत ठेवली, ती पुष्कळ सावरली. लवकर मिळालं तर जास्त फरक पडतो, पण अठराव्या वर्षी दार बंद झालेलं नसतं.

आता मिस्टरांबद्दल. दारू सोडली ही मोठी गोष्ट आहे, त्यांना हे वाचून दाखवा, मी मनापासून म्हणते. पण तेरा वर्षांत त्यांनी लेकीला एकदाही "माझं चुकलं" म्हटलं नाही, आणि आज त्याच आवाजात मार्क विचारतात. तिच्या शरीराला कसं कळणार की आता मार पडणार नाही? "आम्ही नाही का मार खाल्ला, आम्हाला काय झालं" हे वाक्य तर घरातून कायमचं बंद करा. काय झालं ते तुम्ही पाच वर्षं बघितलंय.

पुढच्या शिक्षणाच्या रूटचं एका ओळीत सांगते, बीएएमएस, बीएचएमएसलाही नीटच लागते, बीफार्म एमएचटी-सीईटीवरून होतं, बीएस्सी नर्सिंगची वेगळी सीईटी आहे, आणि यातलं काहीही एका वर्षानं पळून जात नाही. तिला स्वतःला काय करायचंय ते अख्ख्या पत्रात कुठंच नाही, हेही बघा.

या आठवड्यात एवढं करा. तिचं टेबल फिरवा, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडं. तिच्या खोलीत जाताना सगळ्यांनी हळू टकटक करून, हाक मारून जायचं, बाबांनीसुद्धा. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात, तिथून सुरुवात करा किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार ओपीडीत जा, आणि पुढं लहानपणीच्या आघातांवर काम केलेला थेरपिस्ट मागून घ्या. तिला बरोबर घेऊन जा, पण आत तिला एकटीला बोलू द्या. आणि ताई, तिचं झालं की तुमच्या नावाचाही केसपेपर काढा.