रिकाम्या कुंडीला वय येत नाही

प्रिय मित्रा,

तुझे पत्र आणि सोबतची तीन छायाचित्रे मिळाली. क्योतोचे कुंभार हेइआन तोफुकुजी (1890–1970) यांचा शिक्का असलेली ती बोन्सायची तळहाताएवढी हिरवी कुंडी दोन महिन्यांचा पगार ओतून घ्यावी की नाही, असे तू विचारतोस. तिन्ही छायाचित्रे तू शिक्क्याचीच काढलीस, यातच माझे उत्तर आले होते, तरीही लिहितो.

ज्या नावाला भाव, त्याच नावाचे खोटे शिक्के निघतात. त्यामुळे शिक्का शेवटी वाच. मातीच्या पाट्या जोडून हाताने घडवलेल्या कुंडीच्या आतल्या कोपऱ्यांत माती दाबून भरल्याच्या खुणा बहुधा सापडतात, पाय अगदी एकसारखे नसतात. हे बघायला लवकर शिकशील. वर्षे लागतात ती जपानी लोक ज्याला ‘जिदाई’ म्हणतात ते ओळखायला, म्हणजे पाणी, ऊन आणि हाताचा स्पर्श यांनी मातीवर हळूहळू चढलेले वय. रिकाम्या कुंडीला ते येत नाही.

नागोयाहून तोकोनामेला जायला तासभरही लागत नाही, आणि तू अजून गेलेला नाहीस! तिथल्या एका चढावर मेइजी काळातले (1868–1912) मातीचे नळ आणि शोचू या जपानी दारूच्या जुन्या बरण्या भिंतींत चिणलेल्या आहेत. जपानच्या सहा प्राचीन भट्टीगावांपैकी हे एक. त्याने रांजण केले, सांडपाण्याचे नळ केले, चहाच्या किटल्या केल्या आणि बोन्सायच्या कुंड्याही केल्या. सगळे वापरायचे.

माझी चूक सांगतो. एका निवृत्त शिक्षकांकडून मी बिनझिलईची लाल कुंडी घेतली होती. तिच्यात त्यांनी तीस वर्षे जुनिपर वाढवला होता. काठाखालची क्षाराची पांढरी रेघ मला मळ वाटली, म्हणून मी ती फरशी धुण्याच्या आम्लाने घासली. रेघ गेली आणि तिच्याबरोबर तेल प्यायल्यासारखी ती मंद झाकही गेली. आठवड्याने मी हौसेने ती त्यांना दाखवायला नेली. त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलली, काठावरून एकदा अंगठा फिरवला, खाली ठेवली आणि माझ्यासाठी चहा ओतला. कुंडीबद्दल ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

तू म्हणशील, 1934 पासून भरणाऱ्या बोन्सायच्या कोकुफू प्रदर्शनातही झाडे ऐन वेळी जुन्या कुंडीत हलवतात आणि नंतर ती कुंडी पुन्हा कपाटात जाते. जाऊ दे. चीनहून फार पूर्वी आलेल्या त्यांच्या ‘कोवातारी’ कुंड्यांचे वय आधीच येऊन गेलेले असते. तुझ्या गॅलरीत एक झाड नाही आणि तू संग्रह करायला निघालास! त्या पैशांच्या दहाव्या हिश्शात तोकोनामेची बिनशिक्क्याची, वापरलेली कुंडी घे, तिच्यात मेपल लाव आणि पाणी घालत राहा. रिकाम्या कुंडीला वय येत नाही, हे मी तिसऱ्यांदा लिहीत नाही.

माझ्याकडे किरी लाकडाच्या पेटीत एक कुंडी रिकामीच आहे, हे तुला कोणीतरी सांगितलेले दिसते. तिला तळाशी चीर आहे; हिवाळ्यात ओली माती गोठून फुगली तर ती दुभंगेल. शिवाय ती मी वयाच्या साठीत घेतली, आणि तिच्याजोगे झाड वाढवायला लागणारी वर्षे माझ्याकडे नव्हती. तुझे तसे नाही. येशील तेव्हा पेटी उघडून दाखवीन. तिच्यावरचा शिक्का मात्र वाचायला मागू नकोस.