बाखचा नातलग की कोशकार?

प्रश्न : जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख याच्याविषयीच्या लेखनात योहान गॉटफ्रीड वाल्टर हे नाव वारंवार येते. कुठे तो बाखचा नातलग असतो, कुठे चर्चचा ऑर्गनवादक, तर कुठे संगीतकोशाचा कर्ता. ही एकच व्यक्ती आहे का? आणि बाखला बाजूला ठेवले, तर वाल्टरचे स्वतःचे असे काय उरते?

उत्तर : व्यक्ती एकच आहे. वाल्टर १६८४ मध्ये एर्फुर्टला जन्मला. बाखपेक्षा तो सहा महिन्यांनी मोठा, आणि दोघांच्याही आईचे माहेर लेमरहिर्ट घराण्यातले. १७०७ मध्ये जर्मनीतील वायमार येथील सेंट पीटर आणि सेंट पॉल यांच्या चर्चमध्ये ऑर्गनवादक म्हणून तो रुजू झाला आणि १७४८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. १७०८ ते १७१७ या काळात बाखही वायमारच्या दरबारात होता, आणि वाल्टरच्या एका मुलाचा तो धर्मपिताही (बाप्तिस्म्याच्या वेळचा पालक) झाला.

आपल्या प्रश्नाचा शेवटचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण वाल्टरवर अन्याय होतो तो नेमका तिथेच. ऑर्गनसाठीचे संगीत त्या काळी क्वचितच छापले जाई. ते हातोहाती फिरे आणि ज्याला हवे असेल तो स्वतः उतरवून घेई. तरुणपणी वाल्टर हाल्बरश्टाटला वेर्कमाइस्टर या ऑर्गनतज्ज्ञाला भेटला, आणि त्या ओळखीतून बुक्स्टेहुडे या आधीच्या पिढीतल्या ऑर्गनवादक-रचनाकाराच्या रचना त्याच्या हाती आल्या. पुढे वोल्फेनब्युटेलच्या बोकेमायर या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात, बाख आणि बुक्स्टेहुडे यांच्याच दोनशेहून अधिक रचना आपल्या संग्रही असल्याचे त्याने सांगितले आहे. बुक्स्टेहुडेच्या भजनांवर आधारलेल्या ऑर्गनरचना आज वाजवता येतात, त्यातल्या बऱ्याचशा वाल्टरने केलेल्या नकलांमुळेच. नक्कल करणे हे दुय्यम काम मानण्याची आपली सवय येथे सोडून द्यावी लागते.

त्याचा संगीतकोश १७३२ मध्ये लाइप्झिग येथे प्रसिद्ध झाला. संगीतातील संज्ञा आणि संगीतकारांची चरित्रे वर्णानुक्रमाने एकत्र देणारा हा पहिलाच मोठा ग्रंथ. पाने सहाशेहून अधिक, आणि काम एकट्याचे. त्यातली बाखची नोंद मुद्दाम पाहण्यासारखी आहे. ती लहान आहे, बाखच्या हयातीत छापलेली आहे आणि तिच्यात त्याच्या कळफलकासाठीच्या छापील रचनांचा उल्लेख असला, तरी पॅशन-संगीताचा, म्हणजे ख्रिस्ताच्या यातना आणि मृत्यू यांवरील गायनरचनांचा, नाही. मात्र ‘बाख’ या आडनावाची रोमन लिपीतली चारही अक्षरे (B-A-C-H) त्याच क्रमाने घेतली तर सुरेल ठरतात, हे निरीक्षण तिच्यात आहे आणि ते लाइप्झिगच्या बाखचेच, म्हणजे आपल्या याच बाखचे, असल्याचेही नमूद केले आहे. जर्मन स्वरलेखनात ही अक्षरे म्हणजे, ‘सी’ला षड्ज मानल्यास, कोमल निषाद, धैवत, वरचा षड्ज आणि शुद्ध निषाद असे चार स्वर होतात. ते एकदा गुणगुणून पाहावेत. एवढी बारकी गोष्ट टिपून ठेवणारा कोशकार आपल्या विषयावर किती जीव लावत असेल, हे त्यावरून कळते.

रचनाकार म्हणूनही तो सामान्य नव्हता. भजनांवरील त्याच्या ऑर्गनरचना पाहून माटेझोन या संगीतलेखकाने त्याला दुसरा पाखेलबेल म्हटले होते; पाखेलबेल हा आधीच्या पिढीतला नामवंत ऑर्गन-रचनाकार. तोरेल्ली, अल्बिनोनी आदी इटालियन रचनाकारांचे वाद्यवृंदासाठीचे कन्चेर्तो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्या संवादाच्या रचना) त्याने एकट्या ऑर्गनसाठी बसवले, आणि त्यांतले चौदा उपलब्ध आहेत. एकल वाद्याचा भाग एका कळफलकावर, बाकीच्या वाद्यांचा दुसऱ्यावर आणि खर्ज पायांखालच्या पट्ट्यांवर अशी विभागणी करता येत असल्याने मूळ रचनेतली सवालजवाबाची गंमत शाबूत राहते. वायमारचा राजपुत्र योहान एर्न्स्ट हा त्याचा शिष्य होता. तो अकरा वर्षांचा असताना त्याच्यासाठी वाल्टरने रचनाशास्त्रावर लिहिलेला ग्रंथ मात्र १९५५ मध्येच छापला गेला.

उतारवयात पैशांच्या ओढाताणीमुळे त्याला आपल्या संग्रहातला बराच भाग विकावा लागला. तरीही कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी तो दुरुस्त्या आणि भर घालतच राहिला. ती आवृत्ती निघाली नाही. पण ही टिपणे पुढे गेर्बर या दुसऱ्या ऑर्गनवादकाच्या हाती आली आणि १७९० पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या संगीतकारकोशासाठी त्याने ती वापरली.