बाबांना लिम्फोमासाठी (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आर-चॉप केमो (काही औषधं एकत्र देण्याची पद्धत) सुरू होतेय, कशाची तयारी ठेवू?

साधारणपणे दर 21 दिवसांनी एक, अशा बहुधा 6 सायकल (केमोच्या फेऱ्या) असतात. पहिल्या वेळी रिटुक्सिमॅब हे त्यातलं एक औषध शिरेतून फार हळू सोडतात, अख्खा दिवस जातो. थंडी वाजली, खाज सुटली तर लगेच नर्सना सांगायला लावा. डॉक्सोरुबिसिन हे त्यातलंच दुसरं औषध लाल असतं, म्हणून नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे. केस दोन-तीन आठवड्यांत गळू लागतात, पुन्हा येतात.

खरं जपायचं ते प्रत्येक सायकलच्या साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. तेव्हा संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. ताप 100.4 फॅरनहाइट झाला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठा. घरीच पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट अजिबात पाहू नका. थर्मामीटर आजच आणून ठेवा.