नदीवरून कोरडा परतलेला पंचा

साठी ओलांडलेले आई-वडील डोंगर चढणे, लांबवर सायकल चालवणे किंवा पाण्यात उतरणे सोडायला तयार नाहीत आणि विषय काढला की घरात भांडण होते, ही तक्रार घेऊन समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीतल्या मुलामुलींची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न त्यातलाच होता: "वडील ६८ वर्षांचे आहेत, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, तरी रोज पहाटे सांगलीत कृष्णेवर पोहायला जातात. त्यांना थांबवायचे कसे?" हा अनुभव त्या कुटुंबाच्या संमतीने लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडिलांना मी इथे अप्पा म्हणते.

पहिली भेट मुलाची एकट्याची, तीही व्हिडिओ कॉलवर झाली. बुडून झालेल्या मृत्यूंच्या बातम्यांची कात्रणे त्यांनी मोबाइलमध्ये साठवली होती आणि मी वडिलांना चार शब्द सुनवावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. अप्पा नेमके कोणत्या घाटावर उतरतात, पात्र ओलांडून पलीकडे जातात की काठाकाठाने पोहतात, सोबत कोण असते, गोळ्या पोहण्याआधी घेतात की नंतर, असे मी एकेक विचारत गेले, तेव्हा त्यांना यातले काहीच सांगता आले नाही. वडिलांना पोहताना त्यांनी शेवटचे पाहिले होते ते स्वतः दहावीत असताना. ज्या गोष्टीवर घरात दोन वर्षे वाद चालू होता, ती गोष्ट वाद घालणाऱ्याने पंचवीस वर्षांत पाहिली नव्हती. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही, दूर राहणाऱ्या बहुतेक मुलांचे असेच असते. पण काळजी तपशिलाशिवाय वाढत राहिली की ती सरसकट बंदीकडेच जाते.

पुढच्या आठवड्यात अप्पा पत्नीसह (त्यांना मी काकू म्हणते) आले, ते काहीसे घुश्शातच. खिशातून त्यांनी घडी घातलेले एक कात्रण काढले. दक्षिण आफ्रिकेतील हृदयशल्यविशारद ओट्टो थॅनिंग यांनी २०१४ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी इंग्लिश खाडी पोहून पार केल्याची ती बातमी होती. "हे डॉक्टर, तेही हृदयाचे. त्यांना कळत नव्हते का?" असा त्यांचा सवाल होता. मी म्हटले, "अप्पा, खाडी पोहणाऱ्याला आधी डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि सबंध वेळ एक होडी त्याच्या शेजारून चालते. तुमच्या शेजारून कोण चालते?" त्यावर ते हसले आणि कात्रण परत खिशात गेले. खरे सांगायचे तर ते उदाहरण बापापेक्षा मुलाच्या बाजूने अधिक बोलत होते.

मग नदीविषयी ते मोकळेपणाने बोलू लागले. आठव्या वर्षी काकांनी पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून त्यांना डोहात ढकलले होते. माझ्या टेबलावरचा कागद ओढून त्यांनी नदीचे वळण काढले, १९२९ चा आयर्विन पूल दाखवला, घाट दाखवले, खाली हरिपूरला वारणा मिळते तिथे फुली मारली. तरुणपणी पुलावरून पुरात सूर मारल्याचे सांगताना त्यांचा आवाज बदलला. बँकेतली चौतीस वर्षांची नोकरी त्यांनी दोन वाक्यांत संपवली आणि नदीवर मात्र पाऊण तास बोलले. घाटावरच्या मंडळींत ते आजही 'पट्टीचे' म्हणून ओळखले जातात, आणि निवृत्तीनंतर उरलेली ती एकच ओळख आहे, हे मी नोंदवून ठेवले.

तोपर्यंत काकू गप्प होत्या. जाता जाता, पर्स उचलता उचलता त्या म्हणाल्या, "यांचा पंचा कधी कधी कोरडाच येतो." अप्पांनी मान वळवली. "दिवाळीपासून बघतेय. आठवड्यातून दोनदा तरी. पोहायची चड्डीसुद्धा घडी तशीच. मी तशीच वाळत घालते."

खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अप्पांनी जे सांगितले ते त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. थंडीतल्या एका सकाळी परत काठाकडे येताना त्यांचे हात एकदम जड झाले, दरदरून घाम आल्यासारखे वाटले (पाण्यात घाम कसा कळणार, पण तसे वाटले, हे त्यांचेच शब्द), आणि घाटाची पायरी हाताला लागली तेव्हा ती सोडवेना. वीस मिनिटे ते पायरीवर बसून राहिले. तेव्हापासून त्यांनी पलीकडच्या काठापर्यंत जाणे सोडले होते, आणि मन धजावत नसे त्या दिवशी नुसतेच बसून परत येत होते. मुलाशी भांडण ज्या पोहण्यावरून चालले होते, ते निम्मे त्यांनी स्वतःच सोडले होते. घरी का सांगितले नाही, असे विचारल्यावर ते म्हणाले, "सांगितले असते तर उरलेलेही बंद झाले असते."

माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत मोठा धोका या वाक्यात होता. बंदीच्या धाकाने माणूस पाण्यात उतरायचे थांबत नाही, तो सांगायचा थांबतो. आणि ज्या शरीराने आधी सूचना दिली आहे त्या शरीराची गोष्ट डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, म्हणून त्या क्षणी एकच आग्रह धरला: तपासणी होईपर्यंत पाण्यात उतरायचे नाही, आणि पायरीवरची सकाळ डॉक्टरांना जशीच्या तशी सांगायची. ईसीजी, टूडी इको आणि स्ट्रेस टेस्ट झाली, त्यांत घाबरण्यासारखे काही निघाले नाही. मात्र डॉक्टरांनी बोट ठेवले ते वेगळ्याच जागी. अप्पा मधुमेहाची गोळी पहाटे घेऊन उपाशीपोटी नदीवर जात. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी श्रम केले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि हात जड होणे, घाम फुटणे ही त्याची ओळखीची लक्षणे आहेत. गोळीची वेळ बदलली, नदीवर जाण्याआधी थोडे खाणे सुरू झाले.

डॉक्टरांनी सांगितलेल्या आणखी एका गोष्टीने अप्पा अधिक विचारात पडले. गळ्यापर्यंत पाण्यात असताना पाण्याच्या दाबाने पायांकडचे रक्त छातीकडे ढकलले जाते, बाहेर येताच तो दाब नाहीसा होतो आणि रक्तदाब एकदम उतरू शकतो. वय वाढले, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या, की उभे राहताच चक्कर येण्याची शक्यता वाढते. ती चक्कर येते ती शेवाळलेल्या पायरीवर. पट्टीचा पोहणारा बुडण्याला भीत नाही, त्यामुळे घाटावर घसरून खुब्याचे हाड मोडेल हे त्याच्या हिशेबातच नसते.

तिसऱ्या भेटीला मुलगा पुण्याहून आला. "पोहायचे की नाही" हा प्रश्न मी त्या दिवशी टेबलावर येऊच दिला नाही, कारण त्याची उत्तरे दोनच असतात आणि दोन्हींत कोणीतरी हरतो. त्याऐवजी कोणत्या दिवशी, कोणत्या पाण्यात, कोणाच्या सोबतीने, एवढ्यावरच बोलायचे ठरले. पुराच्या बाबतीत मी स्वतः तटस्थ राहिले नाही. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. पण पोहणाऱ्याने त्या आकड्यांची वाट पाहायची नसते. गढूळ पाण्याखालून ओंडके, पत्रे, तारा वाहत येतात आणि तिथे पंचविशीतल्या पोरालाही कौशल्य उपयोगी पडत नाही. पावसाळ्यात नदी बंद, हे अप्पांनी फारशी खळखळ न करता मान्य केले. एरवीही कोयनेतून पाणी सोडल्याची बातमी असेल त्या दिवशी घाटावर फक्त गप्पा.

अडले ते फुग्यावर. मोकळ्या पाण्यात पोहणारे कमरेला बांधून मागे ओढत नेतात तो नारिंगी फुगा मुलाने सोबत आणला होता. तो लांबून दिसतो आणि दम लागला तर धरता येतो. "म्हातारपणी शेपूट लावून फिरू का?" असे म्हणून अप्पांनी तो बाजूला सारला. काकूंनी तो उचलून दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "पांगाऱ्याचा बिंडा बांधला होता तेव्हा लाज वाटली नव्हती ती?" फुगा घरी गेला.

त्याच भेटीत मुलाचेही एक गाठोडे सुटले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आई-वडील शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर अडकले होते, पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली होता, आणि फोन लागत नसताना ते पुण्यात दूरचित्रवाणीवर आयर्विन पुलाची दृश्ये पाहत बसले होते. तेव्हापासून वडील आणि पाणी हे दोन शब्द एकत्र आले की त्यांच्या पोटात गोळा येतो. अप्पांना हे ठाऊक नव्हते. पोराला आपले पोहणे पोरकटपणा वाटतो, एवढाच त्यांचा समज होता. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगा त्यांच्याबरोबर घाटावर गेला आणि पायरीवर बसून राहिला.

सगळे मिटले असे मात्र नाही. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, भिलवडी, डिग्रजकडे त्या वरचेवर दिसतात, आणि थंडीत उन्हाला काठावर येतात. मुलाचे म्हणणे, मगर दिसल्याची बातमी आली की तो सबंध महिना नदी बंद. अप्पांचे म्हणणे, घाटावर वर्दळ असते तिथे त्या येत नाहीत. मगरीच्या बाबतीत घाटावरच्या अनुभवापेक्षा वन विभागाची सूचना मोठी मानावी, असे मी अप्पांना स्पष्ट सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, हो म्हटले नाही. त्या मुद्द्यावर अजून फोनवर वाद होतो.

मार्चमध्ये काकूंचा फोन आला होता. अप्पा आठवड्यातून चार दिवस जातात, सोबत घाटावरचे दोघे असतात, काठाकाठानेच पोहतात. फुगा पहिले पंधरा दिवस पिशवीतच राहिला, आता बांधतात, पण घाटावरून दिसेनासे झाल्यावर. "आणि पंचा?" मी विचारले. "परवा कोरडा होता," त्या म्हणाल्या, "पण आल्या आल्या स्वतःच म्हणाले, आज खांदा दुखत होता."