वाचकांचे प्रश्न : फरचे तेल तासाभरात का उडून जाते?

प्रश्न : सायबेरियन फर या सूचिपर्णी झाडाचे तेल लिंबाच्या आणि लव्हेंडरच्या तेलांबरोबर अल्कोहोलमध्ये मिसळून मी घरच्या घरी सुगंध तयार केला. लावताक्षणी तो अतिशय ताजा वाटतो, पण तासाभरात काहीच उरत नाही. फरच्या तेलाचे प्रमाण वाढवले, तर फिनाइलने पुसलेल्या फरशीची आठवण होते. शिवाय वर्षभर अर्धवट राहिलेल्या बाटलीला आता टर्पेंटाइनसारखा वास येतो. ते तेल वापरावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रमाण वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. फरच्या सुईसारख्या पानांतून आणि कोवळ्या डहाळ्यांतून वाफेच्या साहाय्याने काढलेल्या या तेलात बॉर्निल ॲसिटेट, कॅम्फीन आणि पायनीन हे प्रमुख घटक असतात. त्यांपैकी पायनीन तर भराभर उडून जाते, आणि ज्या बॉर्निल ॲसिटेटमुळे फरचा ओळखीचा थंड, गोडसर वास येतो, तेही रात्रभर टिकण्याइतके जड नसते. लिंबू आणि लव्हेंडर हीदेखील हलकीच तेले असल्यामुळे आपल्या मिश्रणाला मुळात तळच, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा जड वासच, नाही.

तो तळ लाकडाच्या तेलाने द्यावा. हिमालयातील देवदाराच्या लाकडापासून मिळणाऱ्या तेलातील हिमाचलीन आणि ॲटलांटोन यांचे रेणू मोठे असल्याने ते त्वचेवर बराच वेळ रेंगाळतात. मात्र ‘व्हर्जिनिया सीडरवुड’ या नावाने विकले जाणारे तेल देवदाराचे नसून ज्युनिपर या वेगळ्या सूचिपर्णी झाडाचे असते आणि त्याला नुकत्याच टोक काढलेल्या पेन्सिलीचा कोरडा वास येतो. तेही चालेल, पण परिणाम वेगळा होईल. खर्चाची तयारी असेल, तर बाल्सम फरचे ॲब्सोल्यूट अवश्य वापरून पाहावे. उत्तर अमेरिकेतील या झाडाच्या पानांतून द्रावकाने काढलेला हा दाट, हिरवट अर्क मुरंब्यासारख्या गोड वासाचा असतो आणि फरचा भास अखेरपर्यंत टिकवतो. फरचे तेल एकूण सुगंधी द्रव्यांच्या दशांशाहून अधिक घालू नये, असे मला वाटते. पांढऱ्या फिनाइलमध्ये पाइन तेल घालण्याची पद्धत असल्याने आपल्याकडची नाके या वासाला लगेच स्वच्छतागृहात नेऊन बसवतात.

जुने तेल मात्र त्वचेवर मुळीच लावू नये. बाटलीतील हवेमुळे त्यातील टर्पीनांचे (पायनीनसारख्या उडून जाणाऱ्या घटकांचे) ऑक्सिडीकरण होऊन पेरॉक्साइडे तयार होतात आणि त्यांमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते. म्हणूनच फर ज्यात मोडते त्या पाइन कुलातील तेलांमध्ये पेरॉक्साइडांचे प्रमाण लिटरला 10 मिलिमोलपेक्षा कमी असावे, असा इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेचा दंडक आहे. घरी ते मोजता येत नसल्याने नवे तेल थोडेच आणावे, काठोकाठ भरलेल्या लहान गडद बाटल्यांत काढून फ्रिजमध्ये ठेवावे आणि वास बदलताच टाकून द्यावे.