मग ते सगळं खोटंच होतं का?

"मॅडम, लग्नाआधी हा समानतेवर तासन्‌तास बोलायचा. आता स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाही. मग ते सगळं खोटंच होतं ना?"

दोघंही नोकरी करणारे, घरात सासूबाई. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माझ्याकडे हा प्रश्न अनेकदा येतो. कामाच्या ओझ्यापेक्षा 'आपण फसलो' हेच जास्त खुपत असतं.

नवऱ्याला मी एकट्याला भेटले. समानता पटते का, यावर तो लगेच म्हणाला, "अर्थात!" मग विचारलं, "रात्री जेवणं झाल्यावर, आईसमोर, भांडी घासायला उभं राहायचं. कसं वाटतं?" तो बराच वेळ गप्प बसला. "आई उठून येते, हातातली घासणी काढून घेते. मग दोन दिवस घरात अबोला. नकोच वाटतं."

हे त्याचं खरं मत. पहिलंही खोटं नव्हतं, फक्त फार मोघम होतं.

अमेरिकेत डेव्हिडसन आणि जकार्ड यांनी गर्भनिरोधक गोळ्यांबाबत स्त्रियांचा दोन वर्षं अभ्यास केला. तो 1979 मध्ये प्रसिद्ध झाला. संततिनियमनाबद्दलच्या सर्वसाधारण मताचा प्रत्यक्ष गोळ्या घेण्याशी सहसंबंध होता जेमतेम 0.08. पूर्ण जुळलं तर हा आकडा 1 असतो. पण 'येत्या दोन वर्षांत तुम्ही स्वतः गोळ्या घेणं' याबद्दलचं मत विचारलं, तेव्हा तो 0.57 निघाला. कृती, माणूस आणि मुदत नेमकी धरली की मतावरून वागण्याचा अंदाज बांधता येतो. लोक काय म्हणतील याची धास्ती तरीही उरतेच. या घरात ती आईची होती.

बायकोला मी स्पष्ट सांगितलं, तो खोटारडा नाही, पण म्हणून तुमचा थकवा कमी होत नाही. 'समानता पाळ' हे मागणं सोडा, वार मागा. मंगळवार आणि गुरुवार, रात्रीची भांडी. आणि आईशी तोच बोलेल, तुम्ही नाही. या शेवटच्या अटीवर मी अडून बसले, कारण नाहीतर सगळं खापर सुनेवर फुटतं.

तिसऱ्या भेटीत तिने सांगितलं, गुरुवारी सासूबाई उठल्या तेव्हा तो म्हणाला, "आई, तू बस. आज माझा वार आहे." कुकर मात्र तसाच राहिला होता, त्यावरून ती चिडली होती. आम्ही कुकरही त्याच्या वाटणीत लिहिला.