मोठ्या डोक्याच्या माशीची नवी प्रजाती सापडली असेल, तर तिचं वर्णन कसं करायचं आणि नाव कसं द्यायचं?

तुमच्या मॅलेज सापळ्यात (उडते कीटक पकडणाऱ्या जाळीच्या तंबूत) आलेली मोठ्या डोक्याची माशी (कुळ पिपुन्क्युलिडी) कुठल्याच ओळख-तक्त्यात बसत नाही. ती नवी प्रजाती असेल तर पुढे काय करायचं, असं तुम्ही विचारलं आहे. त्याआधी माझा एक उलट प्रश्न: हातात नर आहे का? या कुळात प्रजाती ठरते ती मुख्यतः नराच्या जननांगांवरून. एकट्या मादीवरून नवी प्रजाती जाहीर केली, तर पुढे तिला नर जुळवणाऱ्याचे हाल होतात आणि नाव अनेक वर्षं लोंबकळत राहतं. फक्त मादी असेल तर त्याच जागी, त्याच मोसमात पुन्हा सापळा लावा. नर मिळाल्यावर कामाला लागा.

कुळाबद्दल शंका नको. जवळजवळ गोल डोकं, ते व्यापून टाकणारे संयुक्त डोळे आणि बारीक मान एवढं दिसलं की बहुधा काम झालं. तरीही पंख पाहून घ्या. फुलमाश्यांच्या, म्हणजे सिर्फिडी कुळाच्या, पंखात असते तशी खोटी शीर इथे नसते. मग जीनस, म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट. पंखाच्या पुढच्या कडेच्या तिसऱ्या भागात गडद डाग आहे का, मधली एम शीर टोकाकडे फाटा देते का, डिस्कल कप्पा (पंखाच्या मधला, शिरांनी वेढलेला भाग) बंद आहे की उघडा, छातीच्या बाजूला पुढच्या पायाच्या वर केसांचा पंखा आहे का, हे क्रमाने पाहा. टोमोस्वारिएला या जीनसमध्ये तो डाग नसतो. कॅलॅरसमध्ये डिस्कल कप्पा उघडा असतो. जीनस चुकला तर पुढची सगळी तुलना चुकीच्या माश्यांशी होते, म्हणून इथे घाई नको.

नमुना कसा ठेवला आहे यावर बरंच अवलंबून असतं. डीएनए हवा असेल तर ९५ टक्के अल्कोहोल आणि थंड जागा. पण पोटावरची, छातीवरची राखाडी किंवा तपकिरी भुकटी ओल्या माशीवर नीट दिसत नाही, आणि ती तर वर्णनात हवीच असते. म्हणून अल्कोहोलमधला नमुना नुसता हवेत वाळवू नका, डोळे आत बसतात आणि पोट चुरगळतं. हेक्सामिथिलडायसिलाझेन या द्रवातून किंवा क्रिटिकल पॉइंट पद्धतीने वाळवा आणि मग कार्डाच्या टोकाला छातीच्या बाजूने चिकटवा. मान इतकी नाजूक असते की डोकं सहज सुटतं. सुटलंच तर त्याच टाचणीवरच्या कार्डावर चिकटवून ठेवा, वेगळ्या डबीत नको. पायांच्या रंगावर फार विसंबू नका. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या माशीचे पाय फिकट असतात आणि केवळ तेवढ्यावर उभ्या केलेल्या 'नव्या' प्रजाती टिकत नाहीत.

आता मुख्य काम, जननांगं. पोट न कापताही एक गोष्ट दिसते: नराच्या पोटाच्या टोकाला आठव्या खंडाचा कठीण भाग असतो आणि त्यावर एक पातळ पडद्यासारखी जागा असते. ती गोल आहे, लांबट आहे की चिरेसारखी, नेमकी कुठे आहे, याचं मागच्या बाजूने आधी चित्र काढा. मग पोटाचं टोक बारीक कात्रीने कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाका. रात्रभर सामान्य तापमानाला ठेवलं की पुरतं. घाई असेल तर गरम पाण्यात नळी बुडवून, पण मग दर काही मिनिटांनी पाहत राहा. जास्त वेळ राहिलं तर पडदे काचेसारखे होतात आणि बारीक केस गळतात. त्यानंतर पाण्यात थोडं अ‍ॅसेटिक आम्ल घालून त्यात काही मिनिटं ठेवा. ही पायरी टाळली तर उरलेलं क्षार ग्लिसरीनमध्येही हळूहळू ऊती खात राहतं. शेवटी पाण्याने धुवून ग्लिसरीनमध्ये.

ग्लिसरीनमध्ये तुकडा फिरवत वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी चित्रं काढा. 'दोन्ही बाजूंनी' हे महत्त्वाचं, कारण पिपुन्क्युलिनी उपकुळात उजवी आणि डावी सर्स्टायली (टोकाचे पकडण्याचे अवयव) बहुतेकदा सारखी नसतात. एकाच बाजूचं चित्र दिलं तर पुढच्या माणसाला निम्मीच माहिती मिळते. युडोरिलास आणि त्याच्या जवळच्या जीनसमध्ये फॅलस (नराचं लिंग) तीन फाट्यांचा असतो. प्रत्येक फाट्याची लांबी, वळण आणि टोक नोंदवा. फॅलसचा आधार, गोनोपॉडची (फॅलसच्या बाजूच्या अवयवांची) उंची आणि एजॅक्युलेटरी अपोडीमचा, म्हणजे वीर्य बाहेर ढकलणाऱ्या कठीण भागाचा, आकार (छत्रीसारखा की नळीसारखा) हेही हवंच. स्लाइडवर कव्हरस्लिप टाकून कायमचं बसवू नका, सर्स्टायली चपटी होतात आणि पुन्हा फिरवता येत नाहीत. काम झालं की छोट्या कुपीत ग्लिसरीनसह ठेवा आणि ती कुपी त्याच माशीच्या टाचणीला लावा.

माशी खरोखर नवी आहे का, हे ठरवण्यात या सगळ्यापेक्षा जास्त वेळ जातो. जगात या कुळाच्या १,४०० हून अधिक प्रजातींची वर्णनं झालेली आहेत आणि जुन्या वर्णनांत बरेचदा जननांगांचा उल्लेखही नसतो. तेव्हा रंगावर लिहिलेल्या चार ओळी तुमच्या माशीला लागू पडत असतील, तर मूळ होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर नाव बांधलेलं असतं तो) पाहिल्याशिवाय इलाज नाही. संग्रहालयाला लिहा, बऱ्याच ठिकाणी छायाचित्रं मिळतात. दे मेयर यांची या कुळाची १९९६ ची जागतिक सूची ही सुरुवात, त्यानंतरचे लेख स्वतः शोधायचे. एक खाचखळगा इथे हमखास लागतो. जर्मन कीटकशास्त्रज्ञ मायगेनच्या १८०० सालच्या नावांवरून काही काळ हे कुळ डोरिलायडी या नावाने चालत होतं, ती नावं १९६३ मध्ये रद्द झाली. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्याचं साहित्य 'डोरिलास' या शब्दानेही शोधावं लागतं. नुसतं 'पिपुन्क्युलस' टाकून थांबलात तर त्या काळातल्या कित्येक प्रजाती नजरेतून सुटतील.

डीएनए मदत करतो, निकाल देत नाही. एका बाजूचा मधला पाय काढून सीओआय या, प्रजाती ओळखायला वापरतात त्या जनुकाचा ६५८ बेस जोड्यांचा तुकडा वाचला की नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत का हे चांगलं कळतं. माझ्या मते या कुळात त्याचा खरा उपयोग हाच आहे. 'इतके टक्के फरक म्हणजे नवी प्रजाती' असा सर्वमान्य आकडा नाही.

वर्णनात शरीराची लांबी देण्यापेक्षा पंखाची लांबी द्या, पोट वाकलेलं किंवा आक्रसलेलं असतं. पंखाची लांबी-रुंदी, पुढच्या कडेच्या तिसऱ्या आणि चौथ्या भागांचं गुणोत्तर, शृंगिकेच्या मोठ्या खंडाचं टोक बोथट की निमुळतं, मांड्यांखालचे काटे, पोटावरच्या भुकटीचे पट्टे, आणि मादीत अंडी घालण्याच्या सुईची लांबी व तिच्या बुडाचा आकार, एवढं असावंच. मोजमापं एकाहून अधिक नमुन्यांची द्या. सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद म्हणजे वेगळेपण सांगणारा: सर्वांत जवळच्या प्रजातीचं नाव घेऊन, कोणत्या अवयवात नेमका काय फरक आहे ते लिहा. 'इतरांपेक्षा वेगळी' एवढ्याने भागत नाही.

नामकरणाचे नियम प्राणी नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. सध्या चौथी आवृत्ती लागू आहे, १ जानेवारी २००० पासून. नाव रोमन लिपीत, उच्चारचिन्हांशिवाय. ही प्रजाती नवी आहे असं स्पष्ट लिहायचं. होलोटाइप एकच नमुना, शक्यतो जननांगं काढलेला नर, आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार हे लेखात नमूद करायचं. तुमच्या घरच्या पेटीत ठेवू नका. वर्णनात धरलेले बाकीचे नमुने म्हणजे पॅराटाइप, ते दोन-तीन संग्रहालयांत वाटले तर उत्तम. 'बहुधा नवी असावी, असल्यास हे नाव' अशा अटीवर दिलेलं नाव ग्राह्य धरलं जात नाही.

विशेषण असेल तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मायगेनने १८२४ मध्ये पिपुन्क्युलस सिल्वाटिकस म्हटलेली माशी आज टोमोस्वारिएला सिल्वाटिका आहे, आणि जीनस बदलल्यामुळे मायगेनचं नाव कंसात जातं. व्यक्तीच्या नावावरून ठेवायचं तर पुरुषासाठी शेवटी 'आय' आणि स्त्रीसाठी 'एई' ही रोमन अक्षरं येतात. स्वतःचं नाव द्यायला नियम आडवा येत नाही, पण कोणी देत नाही. या कुळातली खास अडचण समनामांची, म्हणजे दोन प्रजातींना तेच नाव पडण्याची आहे. पूर्वी जवळजवळ सगळ्या प्रजाती पिपुन्क्युलसमध्येच टाकल्या जात. तुम्ही आज पिपुन्क्युलसमध्ये एखादं नाव दिलंत आणि शंभर वर्षांपूर्वी कोणी तेच नाव पिपुन्क्युलसमध्ये दिलेलं निघालं, तर ती जुनी माशी आता दुसऱ्या जीनसमध्ये गेली असली तरी तुमचं नाव कायमचं बाद. म्हणून आजची यादी न पाहता मूळ जोडनावांची यादी पाहा.

लेख फक्त इंटरनेटवर प्रकाशित होत असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार त्याची झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंद हवी आणि त्या नोंदीचा पुरावा लेखातच छापलेला हवा. तो राहिला तर नाव प्रकाशित झालेलंच धरत नाहीत. तोपर्यंत छायाचित्रांखाली किंवा भाषणाच्या पोस्टरवर नवं नाव लिहू नका, 'युडोरिलास, अनामिक १' असं काही चालतं.

आणि माशी तुडतुड्यातून वाढवून मिळाली असेल (या कुळाच्या बहुतेक अळ्या तुडतुड्यांच्या आणि त्यांच्या भाईबंदांच्या पोटात वाढतात), तर रिकामा कोष आणि मेलेला तुडतुडा फेकू नका. दोन्ही त्याच टाचणीवर लावा. यजमानाचं नाव 'तुडतुडा' एवढंच न लिहिता त्या तुडतुड्याचीही तज्ज्ञाकडून ओळख करून घ्या. अळी बाहेर पडताना पोट फाडून येते, तेव्हा निदान डोकं आणि पंख तरी शाबूत राखा.